तापीच्या काठी, बुधवारी रात्री आठ वाजता

शहाद्याकडून येणारी एसटी तुम्हाला प्रकाशाला सोडून नंदुरबारच्या रस्त्याला लागते. तुम्ही पिशवी खांद्याला अडकवून घाटाकडे चालू लागता. दुपार कलली आहे. सकाळी कुणी तरी दशक्रिया उरकून गेलेलं दिसतं. दर्भाची एक अंगठी पायरीवर तशीच राहिली आहे. केदारेश्वराच्या देवळातून घंटेचा आवाज येतो. दक्षिण काशी म्हणतात या गावाला, म्हणून लांबलांबची माणसं आपल्या माणसांचं शेवटचं काही घेऊन इथं येतात आणि रिकाम्या हातांनी परत जातात. समोर बॅरेजनं अडवलेलं तापीचं पाणी आहे. रुंद, संथ, तळ्यासारखं.

तुमच्या खिशात फोन आहे. जुन्या हिंदी सिनेमातलं तुम्हाला आठवणारं जवळजवळ प्रत्येक गाणं त्यात आहे. बोट टेकवलं की हजर. तो फोन आता बंद करा, पूर्ण बंद. आपल्याला जिथं जायचं आहे तिथं गाणं असं हाकेसरशी येत नाही. तिथं त्याची वाट पाहावी लागते, आणि मला तुम्हाला दाखवायचं आहे ते हे वाट पाहणंच.

गोमाई जिथं तापीला मिळते तिकडे वळा. पायाखालची माती पांढुरकी, भुसभुशीत होत जाते. खानदेशात जुन्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात, तशीच ही. वाकून पाहिलंत तर खापराचा एखादा तुकडा सापडेलही. १९५४-५५ च्या हंगामात भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर इथं आले आणि त्यांनी हे टेकाड थर मोजत उभं खणलं. ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे चार कालखंड त्यांना एकाखाली एक सापडले. आपल्याला तेवढं खोल जायचं नाही. वरचे थोडे थर काढू. मोबाइलचा थर, त्याच्याखाली कॅसेटचा, त्याच्याखाली ट्रान्झिस्टरचा. आता थांबा.

१९५५ सालाची सुरुवात आहे. वार बुधवार.

पाणी खाली गेलं आहे. बॅरेज नाही, त्यामुळे नदी वाहताना ऐकू येते. तुमच्या मागून खणतीवरचे मजूर खांद्यावर कुदळी टाकून गावाकडे परततात. दिवसभर त्यांनी साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चुली उघड्या केल्या आहेत आणि आता त्यांना स्वतःच्या चुलीची घाई आहे. वाटेत कपाशीच्या पऱ्हाट्या रचून ठेवलेल्या, कुठं दादर ज्वारीचं पीक उभं, हवेत वांगी भाजल्याचा वास. भरिताचे दिवस आहेत. हा प्रकाशा पश्चिम खानदेश जिल्ह्यातला, मुंबई राज्यातला. महाराष्ट्र व्हायला अजून पाच वर्षं आहेत आणि नंदुरबार जिल्हा व्हायला त्रेचाळीस.

एका मोठ्या घराच्या ओट्यावर माणसं जमू लागली आहेत. तुम्हीही जा, कोणी विचारणार नाही. ओट्याच्या टोकाला घोंगडी अंथरली आहे, तिथं टोपीवाले म्हातारे. पायऱ्यांवर पोरं. दाराच्या आत, उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे बायका. पदर डोक्यावर, पण कान बाहेर. अंगणात बैलांजवळ घरचा सालदार बसला आहे. तो भिल्ल आहे, ओट्यावर येत नाही, कोणी त्याला बोलावतही नाही. तुम्हाला ते खुपेल, खुपू द्या. पण त्याची मान कुठं वळली आहे ते पाहा.

सगळ्यांच्या मधोमध, स्टुलावर, विणलेल्या रुमालाखाली रेडिओ.

घरात वीज नाही. रेडिओ बॅटरीवर चालतो आणि बॅटरी जपावी लागते. म्हणून तो रोज लावत नाहीत. बातम्यांपुरता, बाजारभावापुरता, आणि बुधवारी रात्री. दोन बांबूंच्या मध्ये ताणलेल्या तारेची एरियल घरावर आहे. पोस्टातून काढलेलं परवान्याचं पुस्तक आत पेटीत जपून ठेवलं आहे, कारण रेडिओ ऐकायला सरकारचा परवाना लागतो. मालक रुमाल उचलतात, घडी घालतात, कान पिरगाळल्यासारखं बटण फिरवतात. आधी काहीच नाही. मग खरखर. मग लांब कुठं तरी शीळ घातल्यासारखा आवाज वर चढतो, खाली येतो. काटा केसभर पुढे, केसभर मागे.

"चूप ऱ्हावा रे पोरेसहोन, आते लागी."

आणि समुद्रापलीकडून एक तरणा आवाज येतो. अमीन सयानींचा. बहिणींना आधी हाक मारून मग भावांना. आतल्या बायकांपैकी एक जण नकळत पदर सारखा करते. तिला आजवर कुणी असं आधी बोलावलेलं नाही.

हे रेडिओ सिलोन. कार्यक्रम बिनाका गीतमाला. ३ डिसेंबर १९५२ रोजी तो सुरू झाला आणि दोन-अडीच वर्षांत बुधवारची रात्र त्यानं स्वतःच्या नावावर करून घेतली. गंमत अशी की हा आवाज मुंबईतच ध्वनिमुद्रित होतो, टेप विमानानं कोलंबोला जाते, आणि तिथल्या बलवान शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरवरून आकाशात उडून तो परत इथं उतरतो. मुंबई इथून आगगाडीनं एका रात्रीची वाट. तरी तिथलं गाणं तापीच्या काठी यायचं ते श्रीलंकेला वळसा घालून.

कारण आपल्या आकाशवाणीनं दार लावून घेतलं होतं. १९५२ साली केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बी. व्ही. केसकर, आपलेच मराठी गृहस्थ. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला, आणि घराण्यांच्या कित्येक गवयांना आकाशवाणीनं जो आधार दिला त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटत. त्यांच्या काळात ती आकाशवाणीवरून आटत गेली आणि जवळपास नाहीशी झाली. माझ्या मते ही चूक होती, आणि मोठी चूक होती. ती का, हे दाखवायला मला तुम्हाला आणखी काही आठवडे मागं न्यावं लागेल. रेडिओ तसाच चालू राहू दे. आपण परत येऊ.

मार्गशीर्षातली पौर्णिमा, दत्तजयंती. तापीच्या वरच्या अंगाला सारंगखेडा. एकमुखी दत्ताची यात्रा भरली आहे. घोड्यांचा बाजार तर असा की नजर पुरत नाही. पांढरे, काळे, अबलख. त्यांच्या अंगावरून वाफ निघते आहे आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करत आहेत. त्या गर्दीतून धुरळा तुडवत पुढे जा. कर्ण्यातून गाणं ऐकू येतं तिकडे. तंबू दिसेल.

चार आणे द्या आणि आत शिरा. खाली माती. मधोमध दोरी, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. गावाकडून बैलगाडी जुंपून आलेली माणसं आहेत. बैल बाहेर चाकाला बांधले आहेत आणि त्यांच्या घंटा अधूनमधून आत ऐकू येतात. इंजिन धडधडतं. मागून प्रकाशाचा पट्टा येतो आणि त्यात आधी फक्त धूळ दिसते, विड्यांचा धूर दिसतो. मग पडदा उजळतो. 'बैजू बावरा'.

चित्रपट १९५२ चा, संगीत नौशाद यांचं. इथं पोचेतो प्रिंटवर रेघा पडल्या आहेत, आणि एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत तंबूत अंधार आणि गलका. पण शेवटी शेवटी दरबारातला तो सामना येतो, तानसेन आणि बैजू यांचा. आता पडद्याकडे पाहू नका. माणसांकडे पाहा. तुमच्या डाव्या हाताला बसलेल्या म्हाताऱ्यानं तंबाखू मळायचं थांबवलं आहे. त्याच्या तळहातावर चुना तसाच आहे. पडद्यामागून गात आहेत उस्ताद अमीर खाँ आणि पंडित डी. व्ही. पलुसकर. विष्णु दिगंबरांचे चिरंजीव. त्या म्हाताऱ्याला यातलं एकही नाव ठाऊक नाही. राग कोणता, ताल कोणता, विचारू नका. तो आयुष्यात संगीत परिषदेला गेलेला नाही आणि जाणारही नाही. पण ज्या गायकीसाठी दिल्लीत बसून केसकर जिवाचं रान करत होते, तीच गायकी सारंगखेड्याच्या मातीत, घोड्यांच्या खिंकाळण्यात, त्याच्यापर्यंत पोचली. सिनेमाच्या गाण्यानं आणून पोचवली.

एक गोष्ट तुम्हाला माहीत आहे आणि त्या तंबूत कुणालाच माहीत नाही. पलुसकरांजवळ आता वर्षही उरलेलं नाही. ऑक्टोबर १९५५ मध्ये ते जातील, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. हे कुणाला सांगू नका. म्हाताऱ्याला ऐकू द्या.

बाहेर पडताना तंबूच्या दाराशी पोरगा ओरडतो आहे, गाण्याची चोपडी, गाण्याची चोपडी. पातळ गुलाबी कागद, वर नट-नटीचा धुरकट ब्लॉक, आत सगळी गाणी छापलेली. एक घ्या. ही चोपडी म्हणजे या भागातलं हिंदीचं पहिलं पाठ्यपुस्तक आहे असं मी म्हणालो तर ते अलंकारिक समजू नका. प्रकाशाच्या घरांत बोलतात अहिराणी, गुजरी, भिलांच्या बोली. शाळेत मराठी. पलीकडे सीमेवर गुजराती. हिंदी कुणाच्याच चुलीजवळची भाषा नाही. ती आली गाण्यांतून. साजन, बलम, चाँद, जिया हे शब्द या माणसांनी कोशातून शिकले नाहीत. आधी सूर आला, सुराच्या बोटाला धरून शब्द आला, आणि अर्थ सगळ्यांच्या मागून, केव्हा तरी सावकाश. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या बायकांनी शब्द ऐकले तसे घेतले. जात्यावर बसल्यावर ओवीच्या मध्येच सिनेमाची चाल शिरे आणि कुणाला वावगं वाटत नसे. एकादशीला भजनी मंडळातला एखादा तरुण पेटीवाला नामदेवांचा अभंग सिनेमाच्या चालीत बसवी. म्हातारे आधी कपाळाला आठ्या घालत आणि तिसऱ्या कडव्याला टाळ धरत.

चला, ओट्यावर परत. रेडिओ चालूच आहे.

गीतमालेत गाणी पायदानांवरून चढतात, उतरतात. कुठलं गाणं या आठवड्यात वर गेलं यावर पायरीवरच्या पोरांची पैज लागली आहे. सी. रामचंद्रांच्या 'अनारकली'तलं एखादं, 'नागिन'मधलं एखादं. सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र नरहर चितळकर, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. आणि 'नागिन'मधली बीन सुरू होते तेव्हा अंगणातल्या सालदाराकडे बघा. तो ताठ बसला आहे. खरा गारुडी वाजवतो तशी ही बीन नाही, हे त्यानं लगेच ओळखलं. खरंच ती बीन नव्हती. हेमंतकुमार यांच्या या संगीतात कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर ती वाजवली आणि रवी यांनी हार्मोनियमची साथ केली. पण दोन-चार लग्नसराया जाऊ द्या. खानदेशातल्या बँडवाल्यांची क्लॅरोनेट ती चाल उचलतील, आणि मग नवरदेवाच्या घोड्यापुढे रुमाल दातात धरून वळवळणाऱ्या पोरांना पुढची सत्तर वर्षं दुसरी चाल लागणार नाही.

सूर मध्येच लांब जातो. शॉर्टवेव्हचं असंच आहे. गाणं भरतीसारखं जवळ येतं, मग कुणी ते उचलून नदीपलीकडे न्यावं तसं विरतं. कुणी बोलत नाही. सगळे जण पुढं झुकतात, जणू झुकल्यानं आवाज परत येईल. आणि तो येतो. कडव्याची मधली ओळ गळाली आहे. ती गळालेली ओळ प्रत्येक जण मनातल्या मनात भरून घेतो. पोरं चोपडी काढून बोट ठेवून पाहतात. पुढच्या बुधवारी हेच गाणं लागलं तर ती ओळ मिळेल. नाही तर नाही.

तुमच्या फोनवर गाणं कधी असं विरत नाही. त्यामुळे तुम्ही त्याच्याकडे असे कधी झुकलाही नाहीत.

आता एक बाईचा आवाज. वाद्यं बाजूला होतात आणि तो आवाज एकटाच अंगणात उतरतो. आतून घरातली सर्वांत म्हातारी बाई, जिला सगळे माय म्हणतात, विचारते:

"कोन गाई राह्यनी रे हाई?"

"लता, माय."

"कथानी?"

पोरं म्हणतात मुंबईची. घोंगडीवरचे एक आप्पा, ज्यांचं थाळनेरकडे येणं-जाणं आहे, मान हलवतात. "थाळनेरना शेटनी नात शे ती."

ओट्यावर क्षणभर शांतता. आणि आप्पा खोटं सांगत नाहीत. थाळनेर तापीवरच, शिरपूर तालुक्यात, इथून वरच्या अंगाला. एके काळची फारुकी राजांची राजधानी. तिथले गुजराती व्यापारी आणि जमीनदार शेठ हरिदास रामदास लाड. मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं पहिलं लग्न त्यांच्या मुलीशी झालं, नर्मदाशी. ती लवकर गेली. मग दीनानाथांनी तिच्या धाकट्या बहिणीशी, शेवंतीशी लग्न केलं. तिचं नाव ठेवलं सुधामती, मुलं म्हणू लागली माई. लताबाई जन्मल्या इंदूरला, २८ सप्टेंबर १९२९ ला. पण आजोळ थाळनेरचं. आजीनं त्यांना पावागढचे गरबे शिकवले. रागदारी वडिलांकडून मिळाली, हे सगळे सांगतात. आजीच्या गरब्यांबद्दल फार कमी बोललं जातं. बायकांच्या गळ्यातून बायकांच्या गळ्यात उतरलेलं ते गाणं या तापीच्या काठचं आहे. थाळनेरच्या घाटाला लागलेलं पाणी पुढे सारंगखेड्यावरून प्रकाशाला येतं. ओट्यावरच्या माणसांना आता तो आवाज परका राहिलेला नाही. माय आतून एवढंच म्हणते, "आपलीच पोर शे मंग."

याच आवाजाला काही वर्षांपूर्वी नावसुद्धा नव्हतं. १९४९ चा 'महल'. खेमचंद प्रकाश यांचं संगीत. त्यातल्या त्या झपाटून टाकणाऱ्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं कामिनी. ते तर सिनेमातल्या पात्राचं नाव! आकाशवाणीकडे पत्रं येऊ लागली, ही कामिनी कोण. मग कुठं खरं नाव लोकांना कळलं. त्या गाण्याच्या सुरुवातीला आवाज दुरून जवळ येत जातो ना, ती करामत यंत्राची नव्हे. लताबाई माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात चालत माइकपर्यंत आल्या. विशीच्या आसपासची पोर, पावलं मोजत, सूर न हलवता. मला राहून राहून वाटतं, ओट्यावरच्या माणसांना ते गाणं आपल्याहून जास्त कळलं असेल. त्यांच्याकडे प्रत्येक गाणं तसंच यायचं. दुरून चालत.

तास संपतो. मालक बटण फिरवतात, रुमाल पुन्हा घालतात. लगेच कुणी उठत नाही. कुणी तरी खोकतं, कुणी विडी पेटवतं. सालदार बैलांना वैरण टाकता टाकता गुणगुणतो आहे. शब्द नाहीत, नुसती चाल. एकदा ऐकून त्याला ती पाठ झाली. तुम्ही आणि मी शंभरदा ऐकून जी चाल चुकतो, ती.

तबकड्यांबद्दल सांगायचं राहिलं. लग्नाच्या घरी कर्णा लागतो तो पाहून जाऊ. निंबाच्या झाडाला बांधलेला भोंगा, खाली खाटेवर पेटी, आणि लाखेच्या तबकड्यांचा डबा घेऊन बसलेला माणूस, ज्याचा आज नवरदेवापेक्षा जास्त मान आहे. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. एका बाजूला गाणं मावतं ते साधारण सव्वातीन मिनिटांचं. सुरुवातीचे सूर, मुखडा, दोन-तीन अंतरे, मधले वाद्यमेळ, सगळं तेवढ्यातच. नौशाद असोत, अनिल विश्वास असोत, सी. रामचंद्र असोत, सगळ्यांनी या सव्वातीन मिनिटांच्या अंगणात संसार मांडला. फालतू एक स्वर ठेवायला जागा नव्हती. त्या काळच्या गाण्यांत आपल्याला जो घट्टपणा जाणवतो त्याचं एक कारण हे आहे. दुसरं कारण, वाद्यमेळ आणि गायक एकाच वेळी, एकाच खोलीत गात-वाजवत. शेवटच्या ओळीला व्हायोलिनवाला चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मग कुणी चुकत नसे.

तबकडी झिजते, सुई वारंवार बदलावी लागते, आणि एखादी तबकडी एका ओळीवर अडकून तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणू लागते. मांडवातली पोरं हसतात. पुढे आयुष्यभर ते गाणं कुठंही ऐकलं की त्या ओळीला त्यांचा श्वास अडतो.

आता पटपट वर येऊ. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला आकाशवाणीनं विविध भारती सुरू केली. पंडित नरेंद्र शर्मा तिचे शिल्पकार. बंद केलेलं दार सरकारनं स्वतःच उघडलं आणि सिनेमाचं गाणं आपल्या घरी परत आलं. त्याच वर्षी व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' आला. वसंत देसाईंनी चाल दिलेली त्यातली प्रार्थना पुढे कित्येक शाळांत सकाळी हात जोडून म्हटली जाऊ लागली. सिनेमाचं गाणं म्हणून ज्या मास्तरांनी छडी उगारली असती, तेच डोळे मिटून म्हणत होते.

मग ट्रान्झिस्टर. इथं मात्र थोडं थांबा, कारण हे दृश्य मला फार प्रिय आहे. रात्रीची वीज आली म्हणून शेतकरी मोटर सुरू करून बारे द्यायला शेतात आला आहे. पायात चिखल, डोक्याला मफलर, आणि बांधावर सागाच्या पानावर ठेवलेला ट्रान्झिस्टर. दहा वाजता छायागीत, अकराला बेला के फूल. पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळतं आहे. खोऱ्यानं माती ओढतानाचा आवाज आणि तलत महमूदचा थरथरता आवाज, दोन्ही एकाच अंधारात. तलतचा तो कंप शहरातल्या बंद खोलीत ऐकलेल्या माणसाला एक सांगावं वाटतं: मोकळ्या शेतात, थंडीत, तो वेगळाच लागतो. आणि सकाळी घरी परतल्यावर रेडिओ सिलोनवर जुन्या चित्रपटांच्या संगीताचा कार्यक्रम; आठच्या ठोक्याआधी शेवटचं गाणं रोज कुंदनलाल सैगलचं. १८ जानेवारी १९४७ ला गेलेला माणूस वर्षानुवर्षं रोज सकाळी आठला हजर. त्याच्या गाण्यावर लोकांनी घड्याळं लावली.

कॅसेट, सीडी, मेमरी कार्ड यांच्यावर मी वेळ घालवणार नाही. गाणं मुबलक झालं, स्वस्त झालं, ज्याच्या त्याच्या खिशात गेलं. त्यात वाईट काही नाही. सालदाराच्या नातवाला आता कुणाच्या अंगणात बसावं लागत नाही, त्याच्या हातात त्याचं स्वतःचं गाणं आहे. माझ्या लेखी ही मोठी गोष्ट आहे. ओट्याच्या आठवणीत रमताना ती पायरी मी विसरू इच्छित नाही, जिच्यावर तो कधी चढू शकला नाही.

तुम्ही पुन्हा घाटावर आहात. तळ्यासारखी तापी. अंधार पडू लागला आहे, पलीकडच्या काठावर दिवे लागले. जवळच एक आजोबा पायरीवर बसले आहेत. धोतर, टोपी, हातात काठी. शेजारी नातू, त्याच्या फोनवर काही तरी चाललं आहे. मध्येच त्याच्या बोटाखालून एक जुनं गाणं सरकतं. तीन-चार सेकंद, तेवढंच. आजोबांची मान वर होते. नातू पुढे सरकवतो.

आजोबा काही बोलत नाहीत. पण त्यांच्या काठीचं टोक पायरीवर हलकेच ठेका धरतं आणि पुढच्या ओळीपाशी येऊन थांबतं.

त्या वर्षी पायरीवर बसून पैज लावणारी पोरं आज ऐंशीच्या पुढे आहेत. गाणी जपली गेली. संग्राहकांनी तबकड्या सांभाळल्या, पुसल्या, नोंदवल्या. ती गाणी कशी ऐकली गेली, कोणत्या ओट्यावर, कुणाच्या शेजारी बसून, कोणती ओळ खरखरीत गळाली होती, हे मात्र कोणत्याही तबकडीवर नाही. ते या माणसांजवळच आहे. तेव्हा उठा, त्या आजोबांच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, पहिलं गाणं कुठं ऐकलंत? मग ते सांगतील ते लिहून घ्या. आजच.